‘लग्नाने पैसे बंद होत नाहीत’ या वाक्याबद्दल

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया झोंबली, पण मुद्दा रास्त आहे. तुमचं म्हणणं असं: ‘लग्नामुळे अपंगत्वाचे पैसे बंद होत नाहीत, असं लिहून तुम्ही लोकांना फसवताय. आमच्या ओळखीतल्या मुलाचं लग्न झालं, तर त्याचे पैसे निम्म्यावर आले आणि त्याची काळजी घेण्यासाठी आईला मिळणारा केअरर्स अलाउन्सही गेला.’ माझं वाक्य चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. उरलेलं अर्धं इथे लिहितो. खालचे सगळे आकडे इंग्लंड-वेल्सचे, २०२५-२६ सालचे; आजचे वेगळे असू शकतात.

ब्रिटनमध्ये यातले काही पैसे माणसाच्या नावावर येतात आणि काही चुलीच्या. पिप (अपंग व्यक्तीला मिळणारा भत्ता) आणि केअरर्स अलाउन्स माणसाच्या नावावर. जोडीदाराची कमाई कितीही असो, पिपमधली एक पेनीही कापली जात नाही. पिप ठरवताना दिले जाणारे गुण (पॉइंट्स) मदतीची गरज आहे का यावर मिळतात, मदत कोण करतं यावर नाही. (तरीही फेरतपासणीच्या फॉर्मवर ‘आता बायको सगळं बघते, काही अडचण नाही’ असं कौतुकाने लिहिणारे असतात. ते अंगाशी येतं.)

युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घराला दरमहा मिळणारी सरकारी मदत, मात्र चुलीचं. चूल एक झाली की दावा एक, आणि दोघांचं उत्पन्न व शिल्लक एकत्र मोजली जाते. तुम्ही सांगितलेला मुलगा पंचविशीच्या पुढचा आहे, कामासाठी असमर्थ ठरलेला आहे आणि घरभाडं नाही, असं धरू. एकटा असताना मूळ रक्कम ४००.१४ अधिक असमर्थतेचे ४२३.२७, म्हणजे महिन्याला ८२३.४१ पौंड. बायकोच्या हातात १,८०० पौंड पगार येतो असं समजा. जोडप्याची मूळ रक्कम ६२८.१० आणि असमर्थतेचे तेच ४२३.२७ मिळून १,०५१.३७ होतात. पगारातले पहिले ६८४ सोडून देतात, उरलेल्या १,११६ चे ५५ टक्के, म्हणजे ६१३.८०, वजा होतात. हातात राहतात ४३७.५७. तुमचं ‘निम्म्यावर’ इथून आलं. दोघंही असमर्थ ठरलेले असतील तर घाव आणखी खोल, कारण ४२३.२७ चा तो भाग जोडप्याला एकदाच मिळतो.

आता आईचं. केअरर्स अलाउन्स आठवड्याला ८३.३०. अटी अशा की मुलाला पिपचा ‘डेली लिव्हिंग’ (रोजच्या जगण्यातल्या मदतीसाठीचा) भाग मिळत असावा, आईने आठवड्याला निदान ३५ तास त्याचं करावं, आणि कर वगैरे वजा जाता तिची स्वतःची कमाई आठवड्याला १९६ च्या वर नसावी. एका घरात राहण्याची अट नाही. मुलगा-सून वेगळे राहायला गेले आणि आई फक्त रविवारी डबा घेऊन जाते, तर ३५ तास भरत नाहीत आणि अलाउन्स थांबतो. पण बहुतेक घरांत घोटाळा दुसराच होतो. एका अपंग व्यक्तीमागे केअरर एकच मोजला जातो. सून युनिव्हर्सल क्रेडिटचा फॉर्म भरताना ‘मी काळजी घेते’वर सहज खूण करते, आणि सासूच्या पैशांवर गदा येते. दोघी मिळून एक नाव कळवू शकतात. एकमत झालं नाही तर सरकारी खातं ठरवतं.

कुणाचं नाव द्यावं? सुनेचं नाव दिलं तर तिच्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या दाव्यात केअररचा भाग म्हणून महिन्याला २०१.६८ वाढतात, आणि या भागाला १९६ ची मर्यादा नाही. आईचे ८३.३० महिन्याला साधारण ३६१ होतात. म्हणून आईला युनिव्हर्सल क्रेडिट नसेल तर आईच. असेल, तर तिचा अलाउन्स तिकडून पुरता वजा होतो आणि तिलाही २०१.६८ चाच फायदा उरतो. आईची स्टेट पेन्शन ८३.३० हून जास्त असेल तर अलाउन्स प्रत्यक्ष मिळतच नाही. मग तिला पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांची मदत) नसल्यास सुनेचं नाव द्यावं.

भारतातून सून येणार असेल तर आणखी तीन गोष्टी. मुलाला पिप असेल तर व्हिसासाठी २९,००० पौंड उत्पन्नाची अट लागत नाही. घर पुरेसं चालतं एवढं दाखवावं लागतं. सरकारी मदतीची मनाई असलेल्या व्हिसावर ती असेपर्यंत मुलाला एकट्याचाच दर मिळतो, तरी तिचा पगार मात्र मोजतात. आणि तिच्या नावावरचा भारतातला फ्लॅट ही शिल्लकच. दोघांची मिळून १६,००० च्या वर गेली की युनिव्हर्सल क्रेडिट संपलं. अंगावरचे दागिने त्यात धरत नाहीत.

‘मग लग्नाची नोंदणी लांबवावी का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. उपयोग नाही. लग्न न करता नवरा-बायकोसारखं एका घरात राहिलं तरी नियम तोच. कळवायची ती एकत्र राहायला लागल्याची तारीख. मुलाने युनिव्हर्सल क्रेडिटच्या आपल्या ऑनलाइन खात्यात बदल नोंदवायचा, बायकोने स्वतःचं खातं उघडून जोडणीचा कोड टाकायचा. पिपच्या खात्याला नाव-पत्ता आणि केअरर्स अलाउन्सला तासांतला बदल वेगळा कळवावा लागतो. एकीकडे सांगितलं म्हणजे सगळीकडे पोचलं असं होत नाही, आणि मागाहून जास्तीचे पैसे परत मागतात. एक बारकावा: युनिव्हर्सल क्रेडिटचा बदल त्या मासिक हिशेबाच्या पहिल्या दिवसापासून धरतात. हिशेब १४ तारखेला संपत असेल आणि बायको १३ ला राहायला आली, तर अख्खा महिना जोडप्याचा. १५ ला आली तर तो महिना एकट्याचाच, जोडप्याचा हिशेब पुढच्या महिन्यापासून.