कांदा जगाच्या बाजारात पाठवताना घ्यावयाची काळजी

दोन एकर उन्हाळ कांदा लावलाय आणि माल लासलगावात न विकता थेट दुबईला धाडायचा म्हणताय? छान. जग एक खेडं झालंय असं आपण १९९१ पासून ऐकतोच आहोत. फक्त या खेड्याच्या वेशीचं दार कुठल्या बाजूला उघडतं, तेवढं आधी बघून घ्या.

तुमच्याकडे येताना ते सताड उघडं असतं. पोटॅश बाहेरून येतं, डिझेलचं कच्चं तेल बाहेरून येतं. युक्रेनमध्ये तोफा धडाडल्या की चटका निफाडच्या खताच्या दुकानात बसतो. तेव्हा कुरकुर करू नका, तेव्हा तुम्ही जागतिक शेतकरी असता. कांदा काढून चाळीत भरला की मात्र तुम्ही पुन्हा देशाचे सुपुत्र, आणि दिल्लीच्या गृहिणीला रडू येणार नाही हे बघणं तुमचं कर्तव्य.

निर्यात करायची तर पंचांगाऐवजी राजपत्र वाचायची सवय लावा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. दिवाळीच्या तोंडावर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातभावाची अट आली. ८ डिसेंबरला सरळ बंदीच, ३१ मार्चपर्यंत. मार्च सरताना मुदतवाढ. ती उठली ४ मे २०२४ ला. नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला होतं, पण तुम्ही उगाच संबंध जोडत बसू नका. उठली म्हणजे तरी काय, किमान ५५० डॉलर आणि वर पुन्हा ४० टक्के. घरात ये म्हणायचं आणि उंबऱ्यावर निखारे पसरायचे, तसं.

बंदीतही खचून जायचं नसतं. त्याच एप्रिलमध्ये २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली होती. तो मुख्यतः गुजरातेत पिकतो. पुढच्या वेळी रोप टाकताना रंगाचा जरूर विचार करा.

गिऱ्हाईक सांभाळायलाही शिका. २०१९ मध्ये आपण अशीच एकाएकी बंदी घातली, त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. आचाऱ्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवत जा, असं त्या हसत हसत म्हणाल्या. पुढच्या सप्टेंबरात आपण पुन्हा न कळवताच बंदी घातली. असे गिऱ्हाईक मग पाकिस्तानकडे, इजिप्तकडे वळतात. वळू द्या, स्पर्धेने गुणवत्ता वाढते म्हणतात.

गुणवत्तेवरून आठवलं. २०१९ च्या अखेरीस भाव चढले म्हणून सरकारने तुर्कस्तान आणि इजिप्तचा कांदा मागवला. आकाराने दांडगा, चवीला पाणचट. ज्या राज्यांसाठी आणला त्यांनीच तो उचलायला नकार दिला आणि त्यातला बराच न्हावाशेवाच्या बंदरात सडला. (मला त्या कांद्याची दया येते. एवढा समुद्र ओलांडून आला, आणि साध्या मिसळीवरही पडला नाही.) तुमचा कांदा त्याच बंदरावरून जायचा असतो. दोघांची भेट झाली तर त्याच्याकडून परवाना कसा मिळवायचा ते विचारून घ्या.

बाजार मोकळा असताना काय करायचं, हेही विचाराल. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यातीला आडकाठी नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा बाजार समितीत नेला. भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टी उरली २ रुपये ४९ पैशांची. तेव्हा मात्र एकही रातोरात अधिसूचना निघाली नाही. मागणी-पुरवठ्याच्या नियमात ढवळाढवळ करणं बरं दिसत नाही.

पैसे धनादेशाने मिळाले. रक्कम २ रुपये, पैशांचा हिशेब सोडून दिलेला. तारीख पंधरा दिवस पुढची होती. तुम्हालाही असा धनादेश मिळाला तर तालुक्याच्या बँकेत जायला एसटीचं तिकीट किती पडतं, ते निघण्याआधी बघून ठेवा.