१७ इंची चाकाचा टायर आणि "दीड दिवस बसवून ठेवले" या तक्रारीबद्दल

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिले आहे की, टायरला शेंगदाण्याएवढा फुगा होता, दुकानात १७ चा टायर समोर टांगलेला असतानाही आम्ही तो बसवला नाही, महागाचा टायर खपवण्यासाठी ऐन गणपतीत आपल्याला दीड दिवस बसवून ठेवले, आणि आमचा मुलगा उद्धटपणे बोलला.

मुलगा तोडून बोलला, हे खरे आहे. त्याबद्दल मी आपली माफी मागतो. त्याला योग्य ती समज दिली आहे. टायर आणणाऱ्या टेम्पोचे ३५० रुपये आधी न सांगता बिलात लावले, हीसुद्धा आमचीच चूक. ती रक्कम आपल्याला परत मिळेल.

परंतु "टायर असूनही बसवला नाही" हे आपले वाक्य मला फार लागले आहे. चिपळुणात टायरच्या धंद्यावर आमचे घर चालते, आणि मुंबईहून येणारी माणसे आता दुकानाची पायरी चढण्याआधी असे अभिप्राय वाचतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आलात. महामार्गावर काँक्रीटचा पट्टा संपून जुने डांबर लागते, तिथल्या पायरीवर पुढचे डावे चाक आदळल्याचे आपणच सांगितलेत. टायरच्या बाजूच्या भिंतीत रबराखाली दोऱ्यांचा थर असतो आणि हवेचा दाब तो थर पेलतो, नुसते रबर पेलत नाही. चाक जोरात आदळले की ही भिंत रस्ता आणि रिम यांच्यात चिमटते, दोरे तुटतात आणि तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. आम्ही हवा सोडली तेव्हा फुगा बसला आणि "बघा, गेला" असे आपण म्हणालात. त्या वेळी मी आपले बोट तिथे टेकवायला लावले होते. आजूबाजूची भिंत घट्ट लागत होती आणि त्या एका जागी बोट आत जात होते. रिमची आतली कडही तिथेच चेपलेली होती. अशा टायरला पॅच चालत नाही, आणि आपण सुचवल्याप्रमाणे आत ट्यूब टाकूनही उपयोग होत नाही, कारण पंक्चर झालेले नसते. भार पेलणारे दोरेच तुटलेले असतात. फुगा शेंगदाण्याएवढा असो की लिंबाएवढा, तो टायर लहान मुले बसलेल्या गाडीला पुन्हा लावून देणे माझ्याकडून झाले नसते.

आता टांगलेल्या टायरविषयी. तो २०५/४५ आर १७ होता, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के आणि रिम १७ इंची. आपल्या गाडीवर कंपनीचे मूळ माप १८५/६५ आर १५ आहे. दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर ते छापलेले आहे. ती १५ इंची चाके काढून आपण बाहेरून घेतलेली १७ इंची अलॉय चाके लावली आहेत. हौस आपली आहे, त्याला माझी काहीच हरकत नाही. मात्र १७ हा आकडा फक्त रिमचा व्यास सांगतो. रिमची रुंदी किती, हा दुसरा प्रश्न असतो आणि बाहेरून घेतलेल्या चाकांच्या बाबतीत तोच बहुतेक वेळा विचारला जात नाही. चाक उतरवल्यावर आतला वाळलेला चिखल ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा चाकाच्या आऱ्याच्या मागे १७ × ८ जे, म्हणजे व्यास १७ इंच आणि रुंदी ८ इंच, अशी अक्षरे दिसली. ती आपल्याला बॅटरीच्या उजेडात दाखवली होती. २०५/४५ चा टायर साडेसहा ते साडेसात इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. आठ इंची रिमवर तो ओढून बसवता येतो, बसवणारेही पुष्कळ आहेत, पण मग त्याची भिंत तिरकी ताणली जाते आणि रिमची कड उघडी पडते. पुढच्या खड्ड्यात थेट रिमच आपटला असता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भाराची आहे. त्या टायरवर ८४ हा भारांक होता, म्हणजे एका टायरची क्षमता ५०० किलो. आपल्या मूळ टायरचा भारांक ८८, म्हणजे ५६० किलो. पाच माणसे, सामान आणि छपरावर बांधलेले मखर अशा गाडीला आधीपेक्षा कमी भार पेलणारा टायर लावून मी घाटात कसा पाठवू? शिवाय उजव्या बाजूला आपला २१५/४५ तसाच राहणार होता. दोघांच्या उंचीत सुमारे ९ मिलिमीटरचा फरक आहे. पुढची चाके इंजिनाने फिरतात. तिथे एका बाजूला ठेंगणा आणि दुसऱ्या बाजूला उंच टायर असला की गाडी एका अंगाला ओढते आणि डिफरन्शियलला, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला, सरळ रस्त्यावरही विश्रांती मिळत नाही. म्हणून २१५/४५ आर १७, भारांक ९१, हाच टायर मागवला. त्याची क्षमता ६१५ किलो आहे आणि उंची मूळ मापापेक्षा जेमतेम ४ मिलिमीटर जास्त, त्यामुळे स्पीडोमीटरही चुकत नाही.

हे माप माझ्याकडे का नव्हते, हा प्रश्न रास्त आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानात पाणी शिरले, बॅलन्सिंगचे मशीन आणि खालचा सगळा माल गेला. तेव्हापासून कर्जाचे हप्ते भरत, इथे रोज खपणारी मापेच मी ठेवतो. आपला टायर शुक्रवारी सकाळी कोल्हापूरला सांगितला, तो रात्री कराडमार्गे कुंभार्ली घाटातून निघालेल्या टेम्पोने शनिवारी सकाळी साडेआठला आला आणि दहा वाजता आपल्या चाकावर होता.

आणि या काळात आपण दुकानात बसलेले नव्हतात. गुरुवारी सव्वासातलाच आम्ही आपली १५ इंची स्टेपनी चढवून, हवा भरून दिली आणि सावकाश चालवा असे सांगितले. आपले गाव इथून १६ किलोमीटरवर आहे. एका बाजूला लोखंडी चाक बरे दिसत नाही, असे आपण म्हणालात, तरी आपण त्याच चाकावर घरी पोहोचलात, शुक्रवारी त्याच चाकावर बाजारात आलात आणि रस्त्यावरून मला हात केलात. थांबून राहिले ते आपले एक चाक. "बसवून ठेवले" असे लिहिताना हे आठवायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

महागाचा टायर खपवायचा असता, तर चारही खपवता आले असते. मागच्या उजव्या टायरच्या भिंतीवरची उभी खाच दाखवून तोही बदलावा का, असे आपण विचारलेत. आत गेलेली अशी खाच बहुधा आतल्या थराचा जोड असतो, तिच्यापासून धोका नसतो, असे सांगून मी नकार दिला. समोरच्या उजव्या टायरची नक्षी पुरेशी होती, म्हणून जोडीने टायर घ्या असाही आग्रह केला नाही. त्या टायरात हवा मात्र २६ निघाली. दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा ती कमी ठेवू नये, कारण आपल्या टायरची भिंत मूळच्या १२० मिलिमीटरऐवजी ९७ मिलिमीटरचीच आहे आणि हवा कमी असली की ती लवकर चिमटते. पुढे कधी चाके बदलणार असाल, तर १६ इंची रिम आणि १९५/५५ चा टायर बघावा. उंची मूळइतकीच राहते आणि भिंत १०७ मिलिमीटरची मिळते. आपल्या रस्त्यांवर त्या दहा मिलिमीटरांचा उपयोग होतो.

पुढच्या हंगामात १७ ची आणखी काही मापे ठेवण्याचा आणि फोनवर वेळ कळवण्याचा प्रयत्न राहील.

आपला जुना टायर मी टाकलेला नाही. फुग्याभोवती खडूचे वर्तुळ तसेच आहे. परतीच्या वाटेवर दहा मिनिटे थांबलात, तर तो पाहता येईल, नव्या चाकाचे नट पुन्हा घट्ट करून बॅलन्सिंग तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत, आणि ३५० रुपये त्याच वेळी हातात देतो.