'घाबरवायचा धंदा' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज ड्युटीवरनं आल्यावर लिहायला बसलोय. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन पोटाच्या बाजूनं होणार असेल तर आधी तिथल्या शिरा स्कॅनवर नीट बघून घ्या, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, 'शिरा एमआरआयमध्ये दिसतातच, हा लोकांना घाबरवून सीटीला पाठवायचा धंदा आहे.'

एक चूक मान्य. एका ठिकाणी शिरेऐवजी 'धमनी' टाईप झालं होतं, दुरुस्त केलंय. पण धंदा? एकोणीस वर्षं बेळगावात सीटीच्या कन्सोलवर बसतोय, खानापूर-निपाणीहून पहाटेच्या बसनं उपाशीपोटी आलेली माणसं रोज बघतोय, कुणाकडनं एक रुपया कमिशन घेतलेलं दाखवा. बोलायच्या आधी माणसाची चौकशी तरी करायची की हो.

आणि 'दिसतातच' म्हणे! दिसतात, पण बघतं कोण? एमआरआय काढतात ते मणक्यांमधली चकती सरकलीय का, नस दबलीय का ते बघायला, रिपोर्टात सहसा शिरांची एक ओळ नसते. दोन्ही पायांकडच्या मोठ्या शिरा साधारण कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी एकत्र येतात, कुणाच्या वर, कुणाच्या खाली. त्यातल्या डावीला मागनं इलिओलंबर नावाची बारीक शीर मिळते, कुणाला एक, कुणाला दोन, ती आधी बांधली नाही आणि मोठी शीर बाजूला ओढली की फाटू शकते. या दोन्ही मिळून होणारी खालची महाशीर एरवी उजवीकडं, पण क्वचित एखाद्याची डाव्या बाजूलाच असते, म्हणजे डावीकडनं तिरकं जाणारा सर्जन महाधमनी आणि कण्याशेजारच्या सोआस स्नायूच्या मधल्या ज्या फटीतनं आत शिरतो नेमकी तिथंच.

माझ्या थोरल्या भावाची शीर ऑपरेशनमध्ये अशीच फाटली. पाच बाटल्या रक्त लागलं, आई थिएटरच्या दाराशी 'काय करूलेत रे इतका वेळ?' म्हणून विचारत होती आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी आल्यावर त्याची जुनी एमआरआयची फिल्म खिडकीला धरली, आडव्या कटमध्ये चकतीच्या डाव्या कडेला चपटी काळी पट्टी, म्हणजे ती मोठी शीर, आणि तिला मागनं येऊन चिकटलेली दुसरी बारीक काळी रेघ. ऑपरेशनच्या आधी तीन महिने ती फिल्म आमच्या कपाटात होती. म्हणून म्हणतो, सर्जनला विचारा, शिरा बघितल्यात का, आणि एमआरआयवर स्पष्ट नसतील तरच डाय (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) देऊन सीटी. सरसकट सीटी करा असं मी लिहिलंच नव्हतं, वाचलं असतं तर कळलं असतं.

डायचा किडनीला त्रास होतो म्हणाल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी, बघतात, हे कुठलाही टेक्निशियन सांगेल. बाकी मुद्द्यांवर वेळ घालवत नाही.

फिल्म अजून जपून ठेवलीय, बेळगावला आलात तर दाखवतो. तोवर तो 'धंदा' शब्द मागे घ्या.