‘टॉवर एकदा उभारा आणि विसरा’: चार सल्ल्यांचा प्रतिवाद

हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांच्या, गटांत एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. त्यात चार सल्ले असतात. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, अँटेनाचा टॉवर एकदा नीट उभा केला की पुढे बघावं लागत नाही. टॉवरला चहूबाजूंनी जमिनीशी ताणून धरणाऱ्या ताणतारा, म्हणजे गाय वायर, जितक्या घट्ट तितका टॉवर भक्कम. नटबोल्ट सगळे स्टेनलेसचे घ्या, तेच सर्वांत मजबूत. आणि टॉवरचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळं ठेवा. प्रत्येक सल्ल्यात थोडं तथ्य आहे, त्यामुळे लोक ते तपासून न बघता पुढे पाठवतात. या टॉवरवर माणसं चढतात, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

‘गॅल्वनाइज्ड आहे, बघावं लागत नाही’

जस्त झिजतं आणि आतलं पोलाद वाचवतं. त्याचं कामच ते आहे. ३ ते ६ मिमी जाडीच्या पोलादावर हॉट-डिप गॅल्वनायझिंगचा (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला) सरासरी ७० मायक्रॉन थर अपेक्षित असतो, त्याहून जाड भागांवर ८५. मध्यम हवेत वर्षाला एक-दोन मायक्रॉन जस्त जातं, खाऱ्या समुद्री हवेत चार ते आठ. एकच टॉवर एका जागी ३५ वर्षांहून जास्त निभावेल आणि किनाऱ्यावर १०-१५ वर्षांत तांबूस दिसू लागेल. दुकानात मिळणारे चकचकीत झिंक-प्लेटेड शॅकल आणि यू-क्लॅम्प (तारा जोडायच्या कड्या आणि पकडी) तर वेगळंच प्रकरण आहे. त्यांच्यावर थर असतो जेमतेम ५ ते १२ मायक्रॉनचा. ते टॉवरवर वापरूच नयेत.

खरा घात मात्र डोळ्यांना दिसत नाही तिथे होतो. पोकळ पायांच्या टॉवरमध्ये आत साचणारं पाणी तळातून निचरून जायला हवं. म्हणून टॉवरखालच्या काँक्रीटच्या तळाशी खडीचा थर देतात आणि पायांची तोंडं त्या खडीत उघडी ठेवतात. काँक्रीट ओतताना ती बुजली तर पाय आतून गंजतो, आणि कडाक्याच्या थंडीत पाणी गोठलं तर उभा चिरतोही.

दुसरी जागा अँकर रॉडची, म्हणजे ताणतार जमिनीतल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधणाऱ्या सळईची. त्या ठोकळ्यापासून जमिनीपर्यंतचा रॉडचा भाग थेट मातीत असेल, तर तो गंजून बारीक होत जातो आणि वरून मात्र सगळं ठाकठीक दिसतं. ताणतारा तांब्याच्या अर्थ रॉडला जोडलेल्या असतील तर ओल्या मातीत तांबं आणि पोलाद मिळून बॅटरीच तयार होते, आणि झिजतो तो अँकर. अँकरजवळ अर्थ रॉड हवाच असेल तर गॅल्वनाइज्ड घ्यावा. तपासणीसाठी रॉडभोवतीची माती ३० ते ६० सेंमी हळूहळू उकरावी, ब्रशने रॉड साफ करावा आणि कॅलिपरने जाडी मापून मूळ मापाशी ताडून बघावी. एका वेळी एकाच अँकरला हात लावावा. शंका आली तर आधी तात्पुरता अँकर आणि तात्पुरती ताणतार लावावी. तोवर टॉवरवर कोणीही चढू नये.

ताणतारांच्या टॉवरची सविस्तर तपासणी दर ३ वर्षांनी, स्वतःच्या पायावर उभ्या टॉवरची दर ५ वर्षांनी, असा टीआयए-२२२ या टॉवरसाठीच्या अमेरिकी मानकाचा सल्ला आहे. मोठ्या वादळानंतर ती लगेच करावी. किनाऱ्यावर दरवर्षी केली तरी ती जास्त नाही.

‘जितक्या घट्ट तितका भक्कम’

चौघांत सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. ताणतारेचा सुरुवातीचा ताण तिच्या तुटण्याच्या भाराच्या साधारण १०% ठेवतात. ३/१६ इंची ईएचएस (जास्त ताकदीची पोलादी) तार सुमारे १,८१० किलोला तुटते, म्हणून ताण १८० किलो.

आता ३० मीटरचा टॉवर घ्या: तारांचे तीन थर १०, २० आणि ३० मीटरवर, प्रत्येक थरात तीन तारा, अँकर टॉवरपासून २४ मीटर अंतरावर. प्रत्येक तार टॉवरला खालीही दाबते. १८० किलो ताणाला नऊ तारांचा मिळून हा दाब सुमारे ९७५ किलो होतो. ताण तिप्पट केला की तो २,९०० किलोच्या पुढे जातो. हा भार वारा सुटायच्या आधीच पायांवर बसलेला असतो, आणि हलका टॉवर कोसळतो तो बहुधा पाय दाबाखाली वाकून. शिवाय अति ताणलेली तार मंद, एकसारख्या वाऱ्यात थरथरत राहते आणि टोकाशी थकून तुटते. सैल तारही वाईटच: टॉवर हेलकावतो आणि प्रत्येक झोताला तारांना हिसका बसतो.

ताण अंदाजाने ठरवू नये. लूस गेज किंवा लोड सेल ही ताण मोजायची साधनं वापरावीत. वारा पडलेला असताना मोजावं आणि तापमानही टिपून ठेवावं, कारण थंडीत तार आखडून ताण वाढतो. एका थरातल्या तिन्ही तारा थोड्या-थोड्या, बरोबरीने ओढाव्यात. टॉवरचा ओळंबा एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी बघावा. ३० मीटरला ७५ मिमीपेक्षा जास्त कल चालत नाही. टर्नबकलमधून, म्हणजे तार ताणायच्या फिरकी स्क्रूमधून, तारेचा ८ आकाराचा वेढा घालावा, नाहीतर टर्नबकल कंपनांनी उलगडत जातो. तारेचं टोक दुमडून पकडणाऱ्या वायर क्लिपचं खोगीर नेहमी भार घेणाऱ्या तारेवर बसवावं आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं बसवलं तर यू-बोल्ट भाराचीच तार चिरडतो.

‘स्टेनलेस सर्वांत मजबूत’

स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण मजबुती वेगळी गोष्ट आहे. ए२-७० प्रतीचा बोल्ट ७०० मेगापास्कलला तुटतो आणि ४५० ला कायमचा ताणला जातो. ८.८ प्रतीच्या पोलादी बोल्टसाठी हेच आकडे ८०० आणि ६४० आहेत. टॉवरच्या सांध्यांत निर्मात्याने दिलेल्या प्रतीचे हॉट-डिप बोल्टच हवेत. अँटेनाच्या ॲल्युमिनियम नळ्यांवर स्टेनलेस योग्य आहे. मात्र स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांत रुतून जाम होतात, म्हणून आधी अँटी-सीझ हे आटे जाम होऊ न देणारं वंगण लावावं.

‘अर्थिंग वेगळं ठेवा’

वीज पडली की २०,००० अँपिअरचा प्रवाह असामान्य नसतो. अर्थिंगचा रोध १० ओहम धरला तर टॉवरचा तळच घराच्या अर्थिंगपेक्षा २ लाख व्होल्टने वर जातो. कोॲक्सची, म्हणजे अँटेनापासून रेडिओपर्यंत येणाऱ्या केबलची, बाहेरची जाळी या दोन्ही अर्थिंगना रेडिओमधून जोडतेच, त्यामुळे ‘वेगळं’ अर्थिंग केवळ कागदावर उरतं आणि प्रवाह टेबलावरून जातो. दोन्ही अर्थिंग घराबाहेरून, जमिनीखालून, जाड तांब्याच्या पट्टीने जोडावीत. टॉवरच्या प्रत्येक पायापासून एकेक २.४ मीटरचा रॉड, दोन रॉडमध्ये सुमारे ५ मीटर अंतर. तांब्याची पट्टी गॅल्वनाइज्ड पायावर थेट आवळू नये, मध्ये स्टेनलेसची पातळ पट्टी घालावी, नाहीतर तांब्यावरून ओघळणारं पाणी जस्त खाऊन टाकतं. सगळे कोॲक्स भिंतीबाहेरच्या एकाच धातूच्या पाटीवरून, अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) लावून आत न्यावेत, आणि रोटेटरची, म्हणजे अँटेना फिरवणाऱ्या मोटरची, केबलही त्याच पाटीवरून न्यावी. ती बहुतेकदा विसरली जाते.