समुद्र तापला की मासळी वाढते म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

आठवडाभरात तेच फॉरवर्ड चार ग्रुपवर आलं, वाडीच्या ग्रुपवर तर दोनदा, आणि सोबत रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचा व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा: समुद्र गरम झाला की पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे फायटोप्लँक्टन, जोमात वाढतं, त्यावर मासळी वाढते, ऑक्सिजन वाढतो, सॅटेलाइटवर किनारा हिरवा दिसतोच आहे, मग उगाच घाबरवता कशाला.

उबेत शेवाळ वाढतं हे घरामागच्या डबक्यापुरतं ठीक. डबक्यात खत आयतं असतं. समुद्रात जे काही मरतं ते खाली बुडत जातं, त्यामुळे नायट्रेट-फॉस्फेटचा, म्हणजे समुद्रातल्या खताचा, साठा खोल गार पाण्यात आणि ऊन वर, आणि फायटोप्लँक्टनला दोन्ही लागतं. मे महिन्यात विहिरीत उडी मारलीय ना कधी? वरचं हातभर पाणी कोमट, पाय खाली गेले की गारठतात, आणि ते आपणहून मिसळत नाही कारण गरम पाणी हलकं. समुद्रात हे ढवळायचं काम पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा करतो, आणि थंडीत उत्तरेकडे कोरड्या वाऱ्याने वरचं पाणी गार होऊन स्वतःच खाली जातं. वरचा थर जितका तापेल तितकं हे ढवळणं कठीण. म्हणजे ऊन रग्गड, पण पानात वाढायला काही नाही.

आता फॉरवर्डवाल्यांची बाजू पण सांगतो, कारण ती अगदीच हवेतली नाही. २००५ मध्ये एक अभ्यास आला होता की अरबी समुद्राच्या पश्चिम भागात फायटोप्लँक्टन वाढतंय. पण तो १९९७ नंतरच्या मोजक्या वर्षांच्या सॅटेलाइट नोंदींवर होता, आणि त्यातही कारण दिलं होतं जोरदार झालेल्या मान्सून वाऱ्यांचं, म्हणजे परत ढवळण्याचंच! पुढे २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी सहा दशकांचा हिशेब मांडला तेव्हा पश्चिम हिंदी महासागरात २० टक्क्यांपर्यंत घट निघाली, कारण हेच, थर मिसळत नाहीत.

व्हिडिओतलं निळं चमकणं म्हणजे बहुतेक नॉक्टिल्युका. हा एकपेशीय जीव, आणि गंमत म्हणजे हा स्वतःच डायटम नावाचं फायटोप्लँक्टन खातो, जे आपल्या तारली मासळीचं खाणं. त्याच्या हिरव्या जातीच्या पोटात शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं, आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात पण त्याचं मस्त चालतं. त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्प (तसेच लिबलिबीत, पारदर्शक जीव), ते जाळ्यात आले तर कोण विकत घेणार? अर्थात प्रत्येक चमक तापमानवाढीचीच असं मी म्हणत नाही, समुद्र चमकणं काही नवीन नाही.

मासळीचं एकट्या तापमानावर ढकलू नका. बांगडा-तारली कमी-जास्त होण्यात पर्ससीनची भली मोठी जाळी आहेत, एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी आहे, पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत चोरून जाणारे आहेत. पण खालचं खाणंच घटलं तर मासळी वाढेल कशी, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

किनाऱ्याचा हिरवा रंग? पावसाळ्यात सावित्री-वाशिष्ठीचा गाळ समुद्रात येतो आणि गढूळ पाण्यात सॅटेलाइट रंगावरून काढतो तो क्लोरोफिलचा, म्हणजे शेवाळातल्या हिरव्या द्रव्याचा, आकडा फसवा निघू शकतो. बघायचंच तर खोल समुद्राकडे बघा.

राहिला ऑक्सिजन. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं फायटोप्लँक्टन करतं हे खरं, पण तो ऑक्सिजन बहुतेक समुद्रातच खर्च होतो, त्यामुळे हवेतला वाढणार पण नाही आणि उद्या संपणार पण नाही (हे उलट्या बाजूच्या 'श्वास बंद होणार'वाल्यांना पण सांगा). अडचण पाण्यातल्या ऑक्सिजनची आहे, गरम पाण्यात तो कमी विरघळतो, आणि अरबी समुद्रात साधारण दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत आधीच ऑक्सिजनचा दुष्काळ आहे.