नऊ वाजता ऊन होतं, माझ्याकडे पुरावा आहे

सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी मी फोनमधलं हवामानाचं अ‍ॅप उघडलं. ९ च्या रकान्यात सूर्य. तोही कसा, तर गोल गरगरीत, पिवळाधमक, ढगाचं साधं शेपूटही बाजूला नाही. १० ला सूर्य, ११ ला सूर्य. धाकट्या भावाने विचारलं होतं, "ताई, चादरी धुवून गच्चीवर टाकू का?" मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "टाक बिनधास्त." माझी छत्री दारामागे लटकत राहिली. पायात कापडी बूट चढवले आणि निघाले.

९ वाजून ५ मिनिटांनी आभाळ फाटलं.

सरी वगैरे नाही, थेट बादली उपडी केल्यासारखा. आडोसा मिळेपर्यंत मोज्यांतून पाणी निथळायला लागलं होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर, छपराखाली अंग चोरून उभी राहिले आणि फोन काढला. काचेवर पाण्याचे थेंब पडलेले, तेच बोटासारखे काम करत होते. एक थेंब पडला की पुढच्या आठवड्याचं पान उघडायचं, दुसरा पडला की भाषा बदलू का म्हणून विचारायचं. ओल्या ओढणीने पुसून पुसून शेवटी आजचं पान सापडलं.

९ च्या रकान्यात काळा ढग. खाली तीन थेंब.

म्हणजे बघा. ७:४० ला तिथे सूर्य होता. आता तिथे ढग आहे, आणि तो अशा थाटात बसलाय की जणू सकाळपासून तिथेच होता. "आमचा अंदाज चुकला" असं कुठे नाही, "बदल केला" असं बारीक अक्षरातही नाही. मी जर स्क्रीनशॉट काढला नसता तर मलाच वाटलं असतं की आपण नीट बघितलं नाही. गेली किती वर्षं मी "अगं मीच धांदरट" म्हणत स्वतःला दोष देत आले असेन, देव जाणे! पाऊस पडला याचा मला राग नाही. पाऊस पडणारच, त्याला कोण अडवतंय? हे जे गुपचूप पान फिरवून, कानावर हात ठेवून उभं राहणं आहे ना, त्याने डोकं फिरतं.

ऑफिसात पोचले तर पहिली हाक आली, "अगं, छत्री नाही आणलीस?" नाही. हौस होती भिजायची. आणि दुसऱ्याने लगेच ठरलेलं वाक्य टाकलं, "या हवामानवाल्यांचं काय खरं असतं का? ते ऊन म्हणाले की रेनकोट घालायचा." सगळे खो खो हसले. मी ओले मोजे पिळत होते, पण खरं सांगते, त्या क्षणी अ‍ॅपपेक्षा या विनोदाचाच जास्त संताप आला. दीडशे वर्षं जुना, घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे हा. आणि ज्याच्यावर तो पहिल्यांदा झाला त्या माणसाने चूक कधी लपवली नव्हती.

रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विनला ज्या 'बीगल' जहाजाने जगभर फिरवलं त्याचा कप्तान. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. वादळ येतंय हे किनाऱ्यावर आधी कळवता आलं असतं, असं याचं म्हणणं. म्हणून तारायंत्राने ठिकठिकाणची निरीक्षणं गोळा करून त्याने बंदरांवर वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि १ ऑगस्ट १८६१ ला 'द टाइम्स'मध्ये त्याचा सामान्य लोकांसाठीचा पहिला अंदाज छापून आला. आपण इंग्रजीतला जो 'फोरकास्ट' शब्द सर्रास वापरतो, तो हवामानाला त्यानेच चिकटवला. भविष्यवाणी म्हणू नका, हे निरीक्षणातून आणि हिशेबातून काढलेलं मत आहे, हे तो पुन्हा पुन्हा बजावत राहिला. कुणी ऐकलं? अंदाज चुकला की खिल्ली. ज्या वर्तमानपत्रात अंदाज छापून यायचा त्यानेही टोमणे मारले. १८६५ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्यामागे कर्ज, आजारपण, निराशा असं बरंच काही होतं, फक्त टोमणे नव्हते. पण तो गेल्यावर पुढच्याच वर्षी एका समितीने त्याचे अंदाज आणि इशारे दोन्ही बंद केले, आणि इशारे १८६७ मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. अंदाज छापून यायला मात्र १८७९ उजाडलं.

सांगायचा मुद्दा, त्याचे अंदाज छापील होते. आजचा कागद उद्या काढून "हे बघा, तुम्ही काय म्हणाला होतात" असं कुणीही विचारू शकत होतं, आणि लोकांनी विचारलंही. माझ्या फोनमधल्या दिवट्याला तो धोकाच नाही.

दुसरा माणूस त्याहून भारी. लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात हा फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता आणि फावल्या वेळात, गवताच्या ढिगावर बसून, हवामानाची समीकरणं हाताने सोडवत होता. २० मे १९१० या जुन्या दिवसाची नोंद घ्यायची आणि पुढच्या ६ तासांत काय झालं असतं ते गणिताने काढायचं. सहा आठवडे लागले. ६ तासांच्या हवामानासाठी सहा आठवडे! मधेच धुमश्चक्रीत त्याचं हस्तलिखित हरवलं, ते काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. एवढं करून उत्तर काय आलं? ६ तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढणार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. म्हणजे चूक अशी की पोरानेसुद्धा हसावं.

आणि त्याने काय केलं? १९२२ मध्ये ते चुकलेलं उत्तर, आकड्यासकट, स्वतःच्या पुस्तकात छापलं. ही माझी पद्धत, हे माझं चुकलेलं उत्तर, बघा कुणाला सुधारता येतंय का. १९५० मध्ये एनिअ‍ॅक नावाच्या खोलीभर यंत्रावर पहिला संगणकीय अंदाज निघाला तेव्हा २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागत होते, म्हणजे अंदाज आणि दिवस दोघं एकदमच संपायचे. तिथून आज दर दशकाला साधारण एका दिवसाची मजल वाढत इथवर आलोय. आजचा पाच दिवसांपुढचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या चार दिवसांच्या तोडीचा, अशा हिशेबाने. या सगळ्या खटपटीवर बसून कुणीतरी एक पिवळं वर्तुळ काढतं, चुकलं की ते पुसतं, आणि शिव्या कुणाला? शास्त्रज्ञांना.

दुपारी भावाला फोन केला. म्हटलं, चादरींचा सत्यानाश झाला असेल, सॉरी. तो म्हणतो, "कसला सत्यानाश? कडकडीत वाळल्या की! इथे थेंब नाही."

तो राहतो माझ्यापासून तीन किलोमीटरवर.

"तुझं अ‍ॅप बरोबर निघालं, ताई." काय बोलणार यावर? पण मी त्याला म्हटलं, तुझ्या फोनमध्ये ९ चा रकाना उघड. उघडला. काळा ढग, तीन थेंब. म्हणजे सकाळी आम्हा दोघांकडे ऊन होतं, तेव्हा मी भिजले. नंतर आम्हा दोघांकडे पाऊस "झाला", तेव्हा हा गच्चीवर कोरडा ठणठणीत उभा होता. दोन्ही वेळा एकाला तरी खोटं सांगितलं. आणि वर लिहिलेलं काय? "तुमच्या ठिकाणचं हवामान."

कुठल्या ठिकाणचं हो? जगभराचे अंदाज काढणारी चांगल्यातली चांगली संगणकीय प्रारूपं पृथ्वी चौकोनांत कापतात आणि असा एकेक चौकोन बाजूला ९ किलोमीटरच्या घरातला असतो. त्या चौकोनात मी, भाऊ, त्याची गच्ची आणि आमच्यामधला सगळा पसारा मिळून एक ठिपका. दुपारचा एखादा वळीव ढग दोन किलोमीटर रुंदीचा असतो, तो या जाळीतून मासा निसटावा तसा निसटतो. यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग अमुक चौक, तमुक वळण असं नाव घालून, वर निळा ठिपका लुकलुकवून, "इथे ९ वाजता" असं छातीठोक सांगायचं कशाला?

तापमानाचंही तेच. ३१ अंश म्हणजे कुठले ३१? जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचे. मी काय त्या पेटीत राहते? मी डांबरावर उभी असते. आणि खाली "३८ सारखे वाटते". कुणाला वाटते? तेही बघून ठेवलंय मी. अशा आकड्यांपैकी सगळ्यात प्रसिद्ध आकड्याच्या मुळाशी एक काल्पनिक माणूस आहे, १९७९ मध्ये बेतलेला. उंची १.७ मीटर, वजन ६७ किलो, फुलपँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मंद वाऱ्यात, सावलीतून चालतोय. त्याला ३८ वाटतात. वाटोत बिचाऱ्याला. माझ्या पाठीवर लॅपटॉप असतो आणि मी उन्हातून चालते, मला काय वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

या सगळ्यात कुटुंबाच्या ग्रुपवर काकांचा रोजचा संदेश येऊन पडलेला. "सुप्रभात! आजचे हवामान : आल्हाददायक. आजची माहिती : सेल्सियसने पाणी गोठते तिथे शून्य ठेवले." काका, नाही हो ठेवलं. १७४२ च्या त्याच्या मूळ मोजपट्टीवर पाणी शून्याला उकळायचं आणि १०० ला गोठायचं. ती नंतर दुसऱ्यांनी उलटी केली. हे मी लिहिलंसुद्धा ग्रुपवर. काकांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. काकांशी भांडण नाही माझं, निदान त्यांचा सकाळचा "आल्हाददायक" संध्याकाळीही तिथेच असतो, पुसला जात नाही.

हो, आणि ते तीन थेंब. वर टोकदार, खाली गोल, अश्रूंसारखे. पावसाचा थेंब असा नसतोच! बारीक थेंब जवळपास गोल असतो, मोठा झाला की हवेच्या रेट्याने खालून चपटा होतो आणि फारच मोठा झाला की फुटतो. निदान चित्र तरी खरं काढा.

संध्याकाळी घरी येऊन तो स्क्रीनशॉट मोठा करून बघितला. सूर्याच्या खाली, पांढऱ्यावर फिक्या राखाडीत, मुंगीएवढं : ३०%. म्हणजे तुला माहीत होतं! तीस टक्के म्हणजे तीस टक्के भागात पाऊस किंवा तीस टक्के वेळ पाऊस असं नव्हे. अशा दहा सकाळी आल्या तर त्यातल्या तिनांत भिजायची पाळी, असा त्याचा अर्थ. दहात तीन! कुणी मला तोंडाने सांगितलं असतं "दहात तीनदा भिजशील", तर मी छत्री घेतली असती, बूट बदलले असते. हा आकडा प्रामाणिक होता. त्याच्या डोक्यावर तो दात काढणारा सूर्य बसवला कुणी? पाऊस न पडण्याची शक्यता जास्त, म्हणून सूर्य? या न्यायाने रस्ता ओलांडतानाही डोळे मिटून चालायला हरकत नाही. आणि आता नऊच्या रकान्यातून ते ३०% गायब. तिथे "२ मिमी" आलंय. दोन मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला दोन लिटर. माझ्या एकेका बुटातच तेवढं असेल, हे आपलं रागाने म्हणतेय.

याच अ‍ॅपात पुढच्या तेराव्या दिवसाच्या दुपारी ३ चं चित्रही आहे. अर्धा ढग, अर्धा सूर्य. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घातलं, आणि तेवढ्या फरकाने पुढचं सगळं हवामान वेगळंच निघालं. त्यातून आणि पुढच्या अभ्यासातून कळलं की दोनेक आठवड्यांच्या पलीकडे रोजचं हवामान सांगण्याचा दमच टिकत नाही. आणि इकडे तेराव्या दिवसाचे तीन वाजलेत. ज्याला आजचे नऊ सांभाळता आले नाहीत त्याला.

बूट वाळावेत म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. उजव्या बुटातला बोळा पाणी पिऊन फुगला होता, तो बदलायला काढला तर आजचाच अंक, आतलं पान. कोपऱ्यात तीन ओळींची चौकट : आकाश अंशतः ढगाळ, काही ठिकाणी हलक्या सरींची शक्यता. शाई थोडी पसरली होती, पण सगळं वाचता येत होतं. चौकट फाडून ठेवली आणि उरलेल्या पानाचा बोळा परत बुटात घातला.