‘पोपटाला काय कळतंय?’ : फिरत्या मजकुराला उत्तर

सांगलीत सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. मुलांचा मोबाइल सोडवायचाय? पोपटाचं पिल्लू आणा. त्याला कळत काही नाही, नुसती नक्कल करतो. मिरची घातली की लवकर बोलतो, डाळ आणि दूध-पोळीवर जगतो, छोटा पिंजरा पुरतो. बंदी फक्त परदेशी पोपटांवर आहे, आपला हिरवा चालतो. नको झाला तर कृष्णाकाठी सोडून द्या. विश्रामबागेतल्या आमच्या घरी आफ्रिकन ग्रे जातीचा बंड्या राहतो, परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून आलेला. त्याच्यासोबत राहून मला हा मजकूर गप्प बसून वाचवत नाही.

‘नुसती नक्कल करतो.’ अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 साली याच जातीच्या ॲलेक्स नावाच्या पोपटावर अभ्यास सुरू केला. 2007 साली तो गेला, तोवर त्याला शंभराहून अधिक शब्द येत होते. वस्तूचा रंग, आकार आणि ती कशाची बनलीय हे तो सांगायचा, सहापर्यंत वस्तू मोजायचा. दोन वस्तू पुढे ठेवून ‘यांत वेगळं काय?’ विचारलं आणि फरक नसला, तर ‘काही नाही’ असं उत्तर द्यायचा. बंड्याला असं कुणी शिकवलेलं नाही. तरी गाडीची किल्ली वाजली की तो ‘कुठं चाललायस?’ विचारतो आणि रात्री पिंजऱ्यावर चादर टाकली की ‘झोप आता’ म्हणतो. या दोन वाक्यांची अदलाबदल कधी होत नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याला माणसासारखा कळतो असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या वेळेला काय बोलायचं ते तो स्वतः ठरवतो, आणि त्याला नक्कल म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

‘मिरचीनं बोलतो.’ मिरचीतल्या ज्या घटकानं आपली जीभ भाजते, तो पक्ष्यांना झोंबतच नाही. म्हणून पोपट ती मजेत खातो, त्यानं बोलणं येत नाही. काही जण नाण्यानं जीभ घासायलाही सांगतात. तो निव्वळ छळ आहे. पोपटाचा आवाज श्वासनळीच्या तळाशी, ती दोन फाट्यांत विभागते तिथं तयार होतो.

‘दूध-पोळी चालते.’ पक्ष्यांना दूध पचत नाही. नुसत्या डाळीवर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, बियांनी चरबीही वाढते. गाजर, लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला द्या. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो विषारी. नॉनस्टिक तवा रिकामा तापून धूर निघाला, तर त्या धुरानं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. हे फार घरांत माहीत नसतं.

‘छोटा पिंजरा पुरतो.’ सगळ्यात जास्त हाल इथं होतात. पोपट थव्यानं राहणारा पक्षी. रानात त्याचा दिवस उडण्यात, खाणं शोधण्यात, लाकूड कुरतडण्यात आणि सोबत्यांशी बोलण्यात जातो. तेच डोकं हातभर जाळीत कोंडलं की पक्षी तासन्‌तास किंचाळतो, चावतो, स्वतःची पिसं उपटून छाती उघडी करून घेतो. बंड्याला रोज काही तास बाहेर लागतात. आम्ही शेंगदाणे कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवतो, तो त्या सोडवत बसतो. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं अख्खं कणीस टांगतो. एवढं करूनही घरात कुणी नसलं की तो चिडतो. शिवाय ग्रे चाळीस वर्षांहून जास्त जगू शकतो, हिरवा पंचवीस-तीस. आज ज्या पोराचा मोबाइल सोडवायचाय, ते उद्या शिकायला पुण्याला जाईल. मग सांभाळणार कोण?

‘आपला हिरवा चालतो.’ हे साफ उलटं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 आपल्या देशी पोपटांना संरक्षण देतो. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि त्याला कैद व दंड दोन्ही होऊ शकतात. बाजारातलं पिल्लू कुठल्यातरी झाडाच्या ढोलीतून डोळेही नीट न उघडलेलं ओढून काढलेलं असतं आणि त्याच्या सोबतची कितीतरी वाटेतच मरतात. राहिला ग्रे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2016 साली सर्वांत कडक निर्बंध घालायचं ठरलं, आणि 2024च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्यानं ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. बंड्याची केलेली आहे.

‘नदीकाठी सोडून द्या.’ माणसाच्या हातून खाल्लेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, शिकरा आणि मांजर ओळखता येत नाही. पंख कातरलेला असेल तर पळताही येत नाही. आयर्विन पुलाजवळच्या झाडांवर पोपट दिसतात म्हणून ते याला थव्यात घेतील असं समजू नका. ग्रे तर मुळात आपल्या देशातला नाहीच.

घरात आधीपासून हिरवा पोपट असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. तो परत रानात जाऊ शकेल का, हे तपासून ठरवणं त्यांचं काम. तोवर दूध बंद करा, फळं-भाज्या सुरू करा आणि त्याला रोज खोलीत मोकळं सोडा. मात्र पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी खिडक्या लावून छताचा पंखा बंद केलाय ना, ते बघा.